नानासाहेब आणि पेजेवरची फुंकर

जव्हार संस्थानच्या दवाखान्यात मी कंपाउंडर म्हणून रुजू झालो, तेव्हा डॉक्टर नानासाहेबांनी पहिलाच प्रश्न केला, "विडी ओढता का?" मी नाही म्हटले. "मग आपले जमेल," ते म्हणाले, आणि जमले. आज त्यांच्या साठीनिमित्त त्यांच्या विद्वत्तेवर थोर मंडळी लिहितीलच. मला मात्र साखरशेत गावच्या सोमीबाई आठवतात.

सोमीबाईंना मुलाने डोलीतून आणले होते. जुना खोकला, चार पावलांत धाप, अंगाची काडी झालेली. गावाने क्षय ठरवून त्यांना शेतातल्या खोपटात ठेवले होते. औषधाचे त्यांनी विचारलेच नाही. "नातीला मांडीवर घेऊ का नको, येवढाच सांगा," म्हणाल्या.

नानासाहेबांनी छाती तपासली आणि समोर पेटता दिवा धरून तो फुंकायला सांगितले. श्वास किती जोराने बाहेर पडतो, हे पाहण्याची त्यांची ती रीत. बाईंनी तोंड घट्ट मिटले. छातीत काही उरलेच नाही, असे समजून साहेबांचा चेहरा उतरला. "जोर लावा, बाई!"

तशा त्या उसळल्या, "दिवा कोनी तोंडानी फुकतंय का, डाक्तर? घरात लेकरा हायेत!"

नानासाहेब पोट धरून हसले. "माझी आईही हेच सांगे. डॉक्टर झालो आणि विसरलो!"

मग शेगडीत निखारे आणवून त्यांनी बाईंच्या हाती फुंकणी दिली. जन्मभर चूल फुंकलेल्या त्या बाईंना निखारा फुलवता येईना. ताप नव्हता, थुंकीत रक्त नव्हते. तरी त्यांना दवाखान्यात ठेवून, थुंकी पुन्हा पुन्हा तपासून मगच साहेब म्हणाले, "हा क्षय नव्हे. चुलीच्या धुराने छाती धरली आहे. पुरते बरे वाटणार नाही, पण सांभाळता येईल. नातीला खुशाल घ्या."

सोमीबाई रडल्या. मलाही आवरले नाही.

पुढे साहेबांनी साखरशेतला जाऊन चूल उघड्या पडवीत हलवायला लावली. धाप लागली की थांबायचे आणि गरम पेजेवर फुंकर घालतो तसा, ओठ आवळून, सावकाश श्वास सोडायचा, हे सगळ्या घराला शिकवले. ती 'डाक्तरी फुंकर' आता गावोगाव होत पार पोशेऱ्यापर्यंत पोहोचली आहे.

परवा साहेबांच्या साठीच्या समारंभाला सोमीबाई त्याच फुंकरीच्या बळावर, थांबत थांबत, नातीचे बोट धरून जव्हारला आल्या. औक्षणाचे तबक आम्ही त्यांच्याच हाती दिले. नानासाहेब मिस्कीलपणे म्हणाले, "बाई, आता तरी दिवा फुंकून दाखवा."

"आता फुकता येल, डाक्तर," सोमीबाई म्हणाल्या. "पन तुमच्या आयुष्याचा लावलाय. फुकनार नाय."

आम्हा सर्वांचे मागणेही याहून वेगळे नाही.