कुणाला न दिलेलं नाव

एर्सिलियाच्या सकाळचा क्रम कधी मोडत नसे. चूल फुंकायची, पेवेनच्या झाडाच्या बिया उकडत ठेवायच्या आणि त्या शिजेतो येर्बाचा कडू चहा घोट घोट घेत बसायचं. खाली अजून बर्फ पडला नव्हता, पण डोंगरमाथे कालपासून ढगांत बुडाले होते. अशात दारावर थाप पडली.

त्यांच्या वस्तीत दार कुणी वाजवत नाही. अंगणाच्या कडेला उभं राहून हाक मारायची, आतून 'ये' आलं की मगच पुढे व्हायचं. म्हणजे कुणीतरी शहरातलं. तिनं कडी काढली, तर दारात येसेनिया, तिची सून. होती एके काळी. मुलगा गेल्याला चार हिवाळे झाले, आणि येसेनियानं कन्सेप्सिऑन शहरातल्या होएलशी दुसरा घरोबा केला होता. पोट चांगलंच दिसत होतं.

"दार काय बडवतेस? टपाल घेऊन आलीस का?"

"हाक मारायला तोंड होईना, आई."

"आई म्हणायला बरं झालं!" एर्सिलियानं बाकडं पुढे सरकवलं. "बैस. बिया खा आधी."

येसेनिया उभीच राहिली. होएलला उत्तरेकडे खाणीत काम लागलं होतं, पुढच्या आठवड्यात सगळा संसार तिकडे हलायचा होता. "जाण्याआधी एकदा वर जाऊन यावं म्हणते. बर्फानं वाट बुजायच्या आत."

वर म्हणजे कुठे, हे विचारायची गरज नव्हती.

"असल्या दिवसांत चढ चढणार?"

"डॉक्टर म्हणतात, चालत जा."

"तुझ्या डॉक्टरनं हा डोंगर पाहिलेला नाही." असं म्हणत एर्सिलियानं शाल उचलली.

रानाच्या तोंडाशी दोघी थांबल्या. एर्सिलियानं पिठाची चिमूट मातीवर टाकून रानाच्या अदृश्य धन्याकडे आत यायची परवानगी मागितली. पोटातल्यासाठी वेगळी मागितली. मग वाट चढू लागली. लेंगाची झाडं उघडी पडली होती, त्यांची तांबडी पानं पायाखाली भिजून गप्प झाली होती. पाखरू बोलत नव्हतं. दर वळणावर येसेनिया दम खायला थांबे आणि एर्सिलिया, आपणच दमल्यासारखं दाखवून, खोडाला टेके.

उभ्या जन्मात एर्सिलियानं कुणापुढे हात पसरला नव्हता. नवरा ऐन उमेदीत गेला. शेळ्या राखून, माग चालवून तिनं एकुलता एक वाढवला, पण शेजारणीकडे मीठसुद्धा मागायला गेली नाही. म्हणूनच आज मनात घोळत होतं ते ओठांवर येईना.

तिच्या गेलेल्या मुलाचं नाव मान्केलेफ. ते त्याला आजोबांनी दिलेलं, स्वतःचं. त्यांना त्यांच्या आजोबांकडून आलेलं. जिवंतपणी आपलं नाव एखाद्या लेकराला देऊन ठेवायचं, ही रीत. मुलगा म्हणायचा, "घाई काय आहे? आधी पोर तर होऊ दे!" आणि एका हिवाळ्याच्या सुरुवातीला, उरल्यासुरल्या बिया झोडायला म्हणून पेवेनवर चढला. गारठलेली फांदी मोडली. नाव कुणाला न देताच गेला. आता ते एकट्या एर्सिलियापाशी उरलं होतं. तिच्यामागे ते उच्चारणारं कुणी नव्हतं. आणि ही पोर निघाली होती परक्याचं मूल पोटात घेऊन, दूरदेशी. तिच्याकडे मागायचं तरी कुठल्या हक्कानं?

तो पेवेन आला. येसेनियानं त्याच्या खवलेदार खोडावर तळवा ठेवला आणि तशीच उभी राहिली. फार वेळ. वरून बारीक हिम भुरभुरायला लागलं.

"माझ्यावर राग आहे का, आई?"

"वय काय होतं गं तुझं? जन्मभर विधवा म्हणून बसवायला मी काय राक्षसीण आहे?"

येसेनियाला रडता रडता हसू फुटलं. तिनं डोळे पुसले.

"मुलगा आहे म्हणतात," ती पोटावर हात ठेवून म्हणाली. "होएलच्या आईला रिकार्दो नाव हवंय."

एर्सिलियानं शालीची गाठ सोडली, पुन्हा बांधली, पुन्हा सोडली.

"कागदावर रिकार्दोच घाल," ती म्हणाली. "घरात तू एकटीनं त्याला मान्केलेफ म्हण. एवढंच मागते."