शेळ्यांची हाक

आमच्या भोरच्या बँडमधले क्लॅरोनेट वाजवणारे चाचा कार्यक्रम संपला की कुणाशीच बोलत नाहीत. मी त्यांच्या शेजारी ढोल वाजवतो. घरी सराव करणं त्यांनी केव्हाच सोडलं होतं. "तीच ती गाणी. आता नुसती बोटंच वाजवत्यात," असं ते थकून म्हणायचे.

परवा उत्रोलीचं लग्न आटोपून आम्ही टेम्पोतून परतत होतो. सगळे पेंगत होते. माळावर एक बाई शेळ्यांना हाका मारत होती. चाचांनी एकदम टेम्पो थांबवायला लावला आणि ते तिच्याकडे गेले.

"बाई, शेवटाला आवाज वर का चढवता?"

"मागं ऱ्हायलेलीला ऐकू जावं म्हनून."

चाचांनी क्लॅरोनेटवर तशी हाक वाजवली. एकाही शेळीने मान वळवली नाही.

बाई हसली. "न्हाई जमलं."

"मग पुन्हा मारा की हाक."

ती हाक मारी, चाचा वाजवत. माझे पाय दुखत होते, टेम्पोवाला हॉर्न देत होता. चाचा मात्र उन्हात चुकत राहिले. शेवटी झुडपामागून एक काळी शेळी निघाली आणि सरळ त्यांच्यापाशी आली.

आता निघू, असं मला वाटलं. चाचांनी कपाळ पुसून विचारलं, "आन् गाईला कसं बोलवता?"

टेम्पोवाल्याने इंजिन बंद केलं.