शेजारपाजारचे देश आणि आमची दूध संस्था

आम्ही नवरा-बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे भुईमुगाच्या ओल्या शेंगा तोडणं. दुपारची वेळ, पाऊस उघडलेला, सोप्यात वेलांचा ढीग आणि समोर टीव्ही. टीव्हीवर टाय लावलेला एक शहाणा भारताला आणि शेजारच्या देशांना लोकशाहीचे मार्क देत होता. मी चौथी नापास. मार्क देणाऱ्या माणसाचा मला तेव्हापासून राग.

शहाणा म्हणाला, पाकिस्तानात निवडून कुणीबी येऊ दे, लष्कराला विचारल्याबिगर त्याचं काही चालत नाही. बांगलादेशात पोरं रस्त्यावर आली आणि पंतप्रधान बाई देश सोडून गेल्या. श्रीलंकेत लोक राष्ट्रपतीच्या घरात शिरून त्याच्या तलावात पोहले. नेपाळात पोरांनी सरकार पाडलं. भूतानात म्हणे राजानंच रयतेला सांगितलं, आता मतं टाकून सरकार निवडा.

"त्यो राजा बरा की वं," बायको म्हणाली. "आमच्या चेअरमनला कवा सुचायचं असलं?"

"अगं, देशांचं चाललंय. तू दूध संस्था कुठं घुसडतीस?"

"मग? त्या टायवाल्याला म्हणावं, एक डाव आमच्या सभेला येऊन बस. किती मार्क देतोस बघू."

मी हसलो, पण बोलली ते खरं होतं. कोल्हापूर आमच्या गावाच्या वेशीला येऊन टेकलंय, घरोघरी मोबाईल आहे, आणि दूध संस्थेत आजतागायत कधी मतदान झालेलं नाही. सभेच्या आधी चार टाळकी चेअरमनच्या घरी बसून संचालकांची नावं ठरवतात. सभेत सेक्रेटरी ती वाचतो, आम्ही "मंजूर, मंजूर" ओरडतो आणि वडा खाऊन घरी येतो. म्हशी बायकांच्या, शेण बायका काढणार, सभासद म्हणून नावंही बायकांची. हात वर करायला मात्र नवरे. आमच्याकडची सभासदही बायकोच, आणि दरसाल तिच्या नावानं माझा हात. तू कोण, असं कुणी कधी विचारलं नाही. ह्याला आमच्यात गावाची एकी म्हणतात. लष्कर नको, राजा नको, एका वड्यात काम होतं.

ह्या वर्षी ती पेटली होती. दुधाचा दर फॅटवर ठरतो, आणि फॅट मोजणारा माणूस संचालकाचा भाचा. त्यांच्या म्हशींच्या दुधाला फॅट भरपूर, बाकीच्यांच्या म्हशी जणू विहीर पिऊन आलेल्या. ती म्हणत होती, उद्याच्या सभेला मी स्वतः जाणार आणि चिठ्ठ्या टाकून मतदान घ्या म्हणणार. चंदगडची बाई. तिकडचा पाऊस आणि तिचं बोलणं, एकदा लागलं की उघडायचं नाव नाही.

ही बातमी चेअरमनला लागलीच असणार. शेंगा तोडत होतो तेवढ्यात तो आलाच.

"काकू, उद्या आबा येतील की सभेला. तुमी कशाला चिखलात येताय?"

"का? रोज दोन टायमाला दूध घालाय चिखलातनंच येतो की आमी. तवा न्हाय आला तुमचा जीव कळवळून?"

"तसं न्हवं. गावाची एकी..."

"एकी हाय तर चिठ्ठ्यांना का भ्यायचं? चिठ्ठीतबी एकीच निघंल."

चेअरमननं माझ्याकडं बघितलं. "आबा, तुमी सांगा की जरा."

"म्हस तिची," मी म्हणालो. "मी निस्ता शेंगा तोडाय हाय."

ती अशी हसली की मांडीवरच्या शेंगा सांडल्या. चेअरमन चहा अर्धा टाकून गेला. मतं मोजायची वेळ आली की ही माणसं चहासुद्धा पुरा पीत नाहीत.

संध्याकाळी तिनं धार काढली, दूध घालून आली, आणि छातीत धरल्यासारखं होतंय म्हणून भिंतीला टेकली. रिक्षा दवाखान्याच्या दारात पोचायच्या आधीच ती गेली. लेक सासरहून आल्यावर त्याच रात्री अग्नी दिला.

सकाळी घरात रडणं, आणि गोठ्यात म्हैस हंबरत होती. ती फक्त हिच्या हाताला पान्हा सोडायची. मी हिचं धारेच्या वेळचं जुनं लुगडं डोक्यावरून अंगभर गुंडाळून खाली बसलो. ही युक्ती आमच्यात सगळ्यांना ठाऊक आहे. म्हशीनं लुगडं हुंगलं, बराच वेळ हुंगलं, मग दूध सोडलं. जनावर फसलं की त्यानं मला सांभाळून घेतलं, ते काही कळलं नाही.

लेक म्हणाली, "आबा, सुतक हाय. कुठं निघालायसा?"

"सभेला," म्हणालो, आणि लुगडं खांद्यावर टाकून गेलो.

संस्थेच्या पत्र्याच्या शेडात सगळे जमले होते. सेक्रेटरीनं हिच्या नावानं शोकप्रस्ताव वाचला. "मंजूर?" सगळे ओरडले, "मंजूर!" ती मेलेलीसुद्धा एकमतानं. मग लगोलग संचालकांची यादी वाचली. "मंजूर?"

"नामंजूर," मी हात वर केला. "चिठ्ठ्या टाका."

चेअरमन मऊ आवाजात म्हणाला, "आबा, तुमचं दुःख समजतंय. पण सभासद काकू हुत्या. तुमचं नाव कुठाय? तुमाला हात वर कराय येत न्हाय."

"ती जित्ती हुती तवा तिच्या जागी माझा हात चालत हुता," मी म्हणालो. "मंजूर म्हणाय चालतो. नामंजूर म्हणाय चालत न्हाय व्हय?"

वड्याच्या पाटीवर माश्या बसत होत्या. मग दाराशी दुधाची रिकामी बरणी घेऊन थांबलेली आमची शेजारीण आत आली. तिचा नवरा पहिल्या ओळीत बसला होता. त्याच्याकडं न बघता ती म्हणाली, "मी हाय की सभासद. माझा हात मोजा. घ्या चिठ्ठ्या."

"आगं ये, घरी चल," नवरा म्हणाला.

"तुमीच जावा. म्हशीला वैरण टाकायची ऱ्हायलीया."

सेक्रेटरी चेअरमनच्या तोंडाकडं बघत राहिला. त्यांनी चिठ्ठ्या टाकल्या की नाही, हे बघायला मी थांबलो नाही. मला तिथं मत नव्हतं. घरी येऊन लुगडं गोठ्यातल्या खुंटीला परत अडकवलं. संध्याकाळच्या धारेला लागणार होतं.