हिरवं झाड, उपाशी मुळं

कलमवालीचं सगळं घर एका सफरचंदाच्या झाडावर चालायचं. तिच्या रोपवाटिकेतली हजारो कलमं त्याच्याच काड्यांची. नवं झाड एवढं वाढायला दहा-बारा वर्षं हवीत, आणि तिची सत्तरी उलटलेली. जीभ मात्र अजून विशीतली. गिऱ्हाइकाची भीडभाड न ठेवणारी बाई, घरच्यांना काय सोडणार!

त्या सकाळी ती काड्या कापायला गेली. पानं हिरवीगार होती. पण बुंध्याशी मातीचा ढीग, आणि ढिगाच्या जरा वर खोड सुजल्यासारखं फुगलेलं. तिनं दोन्ही हातांनी माती बाजूला सारली. वीतभर पट्ट्यात साल नव्हतीच, खोड चहूबाजूंनी सोललेलं.

"हे कुणी केलं?"

मुलगा मागे येऊन उभा होता. चाळिशीचा बाप्या, पण मान खाली. "गवत कापायचं मशीन लागलं. मागच्या वर्षी."

"आणि माती?"

"मीच वर ओढली, जखम झाकायला. झाड तर हिरवंच होतं, आई. वाटलं, भरून येईल."

हिरवं राहणारच. पाणी चढतं ते आतल्या लाकडातल्या बारीक नळ्यांतून. पानं वर वाफ सोडतात आणि खालून ओढून घेतात. ते चालूच होतं. पण पानांनी रांधलेलं अन्न खाली उतरतं सालीतून, आणि ती वाटच तुटलेली. वर्षभर मुळं शिल्लक होतं ते खाऊन पानांना पाणी पाजत राहिली. जन्मभर झाडांची नाडी पाहणारी ही बाई रोज त्याच झाडाखालून गेली आणि हिरव्या रंगाला फसली. तिला स्वतःचीच चीड आली.

तिनं एक मूळ उकरलं. कुजलेली साल ओल्या मोज्यासारखी हातात आली. दुसरंही तसंच. तिसऱ्याला मात्र सालीखाली नखाएवढी पांढरी, जिवंत ओल होती.

"त्याच दिवशी सांगितलं असतंस, तर काड्यांचे पूल घालून साल जोडली असती रे! सकाळभराचं काम! तोंडाला काय कुलूप घातलं होतंस?"

"तुझी भीती वाटली."



फार उशीर झालाय, हे दोघांनाही कळत होतं. तरी ती उठली, काड्या घेऊन आली. दोन्ही टोकं तासायची. बुडखा जखमेखालच्या सालीत, शेंडा वरच्या सालीत खोचायचा. पण तिचे हात इतके थरथरत होते, की सुरी धरवेना. तिनं ती मुलाच्या हातात दिली.

त्यानं पहिलीच काडी उलटी खोचली.

"अरे मेल्या..." तिच्या तोंडून निघालं, आणि मुलानं मार चुकवावा तसे खांदे आकसले.

ती बघतच राहिली. मग त्याच्याजवळ सरकून बसली.

"असू दे," ती म्हणाली. "काढ. परत लाव. मी ओरडणार नाही."