लाईट गेलेल्या घरातला शॉक

ती घटना आजही आठवते आणि वायरकडे जाणारा हात आपोआप मागे येतो. शिरूर तालुक्यातल्या एका पोलीस ठाण्याचा कारभार तेव्हा माझ्याकडे होता. सकाळीच फोन आला, "साहेब, न्हावऱ्याच्या शिवारात सून मेलीय, आन् सासरचे मातीची घाई करत्यात."

घरामागच्या ओल्या जमिनीवर ती अनवाणी पडली होती. तळहात भाजलेला. शवविच्छेदनात विजेचा धक्का निघाला. आदल्याच दिवशी दौंडहून लेकीला भेटायला आलेले तिचे वडील ओरडत होते, "जावयानंच मारली माझी लेक!"

नवऱ्याला ठाण्यात आणला. कितीही विचारा, त्याचं एकच पालुपद. "तवा घरात लाईटच नव्हती, साहेब. शॉक कसा बसला, मला ठावं न्हाई." खोटं बोलणारा निदान पटेल असं तरी बोलतो. हा स्वतःच्याच गळ्यात फास अडकवत होता, म्हणूनच मला तो खरा वाटू लागला.

शेजाऱ्यांचे पुन्हा जबाब घेतले. लाईट फक्त याच घरातली गेली होती. मग विद्युत निरीक्षकांना घेऊन गेलो. खांबावरून येणारी न्यूट्रल, म्हणजे करंट परत नेणारी वायर, तुटली होती. दुरुस्तीची वाट कोण बघतो? नवऱ्याने घरातली न्यूट्रल मागे जमिनीत ठोकलेल्या गजाला बांधून घर चालवलं होतं. आपल्याकडे हे सर्रास चालतं. आता गज गायब होता आणि वायरचं उघडं टोक लोंबकळत होतं. निरीक्षकांनी टेस्टर लावला. तो पेटला!

"बटणं चालू आहेत," ते म्हणाले. "बल्ब-पंख्यातून आलेला करंट या टोकाला थांबलाय. हात लावला की तो माणसातून जमिनीत जातो. लाईट का गेली ते बघायला आलेल्या त्या बाईनं हेच टोक धरलं असणार."

त्याच टोकाशेजारी उभं राहून मी पहिला पंचनामा लिहिला होता.

गज अंगणातल्या लिंबाखाली सापडला. त्याला गाय बांधलेली.

"गाय मी आणलीया," वडील म्हणाले. "नातवाच्या दुधासाठी. सावलीला बांधावी म्हणून त्यो गज मीच उपटून..." ते मटकन खाली बसले. त्यांच्या पायात रबरी चपला होत्या, म्हणून ते वाचले होते.

नवऱ्याला सोडला, तर म्हातारा ठाण्याच्या दारात हात जोडून उभा. "आता मला आत घ्या, साहेब."

"आबा, वायर उघडी मी ठेवली व्हती," जावई म्हणाला.

दिवा विझला म्हणजे वायर मेली असं समजू नका, आधी मेन स्विच पाडा, हे मी तेव्हापासून दिसेल त्याला सांगतो. माणसांबद्दल मात्र मी वेगळंच शिकलो. नोकरीभर लोकांना गुन्हा दुसऱ्यावर ढकलताना पाहिलं होतं. इथे दोघे तो आपल्या अंगावर ओढत होते. आबांना दौंडला सोडायला मी गाडी काढायला सांगितली. ते बसले नाहीत. जावयाच्या मागोमाग लेकीच्या घराकडे चालू लागले.