डोळ्यापर्यंतचं अंतर

कमरेला कायम मोजायची टेप अडकवलेली, म्हणून सगळा स्टुडिओ तिला टेपमावशी म्हणायचा. काम म्हटलं तर एवढंसं. कॅमेऱ्यापासून माणसाच्या डोळ्यापर्यंतचं अंतर मोजायचं आणि कॅमेरा पुढेमागे झाला की भिंगाभोवतीची कडी त्या मापाने फिरवत राहायची, म्हणजे चेहरा स्पष्ट राहतो. बरोबर केलं तर कुणाच्या लक्षातही येत नाही आणि चुकलं तर शेंबडं पोरसुद्धा सांगतं, असलं हे मेलं काम. तीस वर्षांत तिच्या हातून चेहरा धूसर झाल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

दोन महिन्यांपासून मात्र तिचा उजवा हात थरथरत होता. एकदा बटण लावताना ती तीनदा चुकली, तेव्हा नवऱ्याने पाहिलं.

"डॉक्टरांना दाखवू या," तो म्हणाला.

"दाखवलं की ते त्याला नाव देतील. नाव मिळालं की गावभर होईल. मग मला कोण बोलावणार?"

त्याने तिचं बटण लावून दिलं. घाबरला तोही होता.

अशात हे गाण्याच्या व्हिडिओचं काम आलं. दिग्दर्शक तिच्या मुलाच्या वयाचा. रिकामी खोली, एक खुर्ची, खुर्चीत गायिका. कॅमेरा बारा फुटांवरून निघून दोन फुटांवर येणार. चार मिनिटं, मध्ये एकही कट नाही.

"नाच नाही, रोषणाई नाही. लोक बघणार काय रे?" मावशीने विचारलं.

"चेहरा. तो हळूहळू जवळ येतोय, एवढंच. कुणी आपल्याकडे येत असलं की नजर काढता येत नाही, मावशी."

कट असते तर चूक कापून तरी टाकता आली असती.

त्यात गायिकेने तालीमच नाकारली. तिच्या गेलेल्या भावाने केलेलं गाणं होतं ते. "एकदाच म्हणेन. दुसऱ्यांदा म्हटलं तर नाटक होईल," ती म्हणाली. आता गाणारं माणूस ताठ बसून गात नाही, हे मावशीला पक्कं ठाऊक. एरवी ती आधी दोन ओळी म्हणायला लावायची आणि मगच टेप धरायची. आज ताठ बसलेल्या बाईच्या मापावर भागवावं लागलं.

पहिली दोन मिनिटं मापं जुळली. कॅमेरा सहा फुटांवर आला आणि गायिका पुढे झुकली. झालं, मोजलेलं सगळं पाण्यात. मावशीने कडीवरच्या मापाच्या खुणांचा नाद सोडला आणि नुसत्या चेहऱ्याकडे बघत बोटं फिरवू लागली. बोटं ऐकेनात. तीन फुटांवर हात उघड उघड थरथरायला लागला. तिने डाव्या हाताने मनगट आवळून धरलं. आता सगळ्यांना कळणार, आपलं संपलं, एवढंच तिच्या डोक्यात फिरत होतं.

गाणं संपल्यावर झालेलं चित्रण बघायला सगळे पडद्याभोवती जमले. मावशी मागे, दाराजवळ उभी राहिली. शेवटच्या ओळींना गायिकेचे डोळे स्पष्ट व्हायचे, विरघळायचे, पुन्हा स्पष्ट व्हायचे. गायिका स्वतःच्या चेहऱ्याकडे परक्या बाईकडे बघावं तशी बघत राहिली.

दिग्दर्शकाने ते तीनदा लावलं आणि मग मागे वळला.

"ते डोळे सापडतात आणि हरवतात ना, तिथेच जीव अडकतो. मी तर सांगितलंही नव्हतं. तुम्हाला कसं सुचलं?"

खरं सांगायची हीच वेळ होती. कामाच्या बाबतीत मावशी आजवर कधी खोटं बोलली नव्हती.

"सुचलं," ती म्हणाली.

"पुढच्या महिन्यात दुसरं गाणं करतोय. तिथेही असंच करू. फक्त याच्यापेक्षा थोडं कमी. जमेल ना?"

"न जमायला काय झालं," असं म्हणून मावशी भिंग पुसायला लागली. पुढच्या महिन्यात ते कमी नसणार, जास्तच असणार, हे त्या खोलीत तिला एकटीलाच माहीत होतं.