काचेवरचा भंडारा

मुकुंदवाडीत सारजाबाईला सगळे 'अनवाणी मावशी' म्हणूनच ओळखतात. बाई मूळची कन्नड तालुक्यातली, मेंढरांमागं हिंडलेली, पायांचे लाड तिनं कधी केले नाहीत. तरी अकरा उन्हाळे डांबरावरून बिनचपलेचं चालायचं म्हणजे खायचं काम नाही, बरं का. पोराला पक्की नोकरी लागेस्तोवर पायात वहाण घालणार नाही, असा नवस तिनं घरातल्या खंडोबाला बोलला होता.

हा खंडोबा घरी आणला तिच्या नवऱ्यानं. कडुबा छावणीत एका साहेबाचे घोडे सांभाळायचा. बदली झाली तेव्हा साहेबानं भिंतीवरची तसबीर त्याला देऊन टाकली. दोन पायांवर उभा राहिलेला पांढरा घोडा, वर तलवार उपसलेला स्वार. धनगराच्या घरात असा स्वार आला, तर तो दुसरा कोण असणार? टोपी जरा वेगळी होती खरी, पण हे काय घातलंस म्हणून देवाला कोण विचारतं? दर रविवारी काचेवर भंडारा चढत गेला आणि स्वार पार पिवळा झाला. पुढं कडुबा वारला, तसबिरीची पूजा काही चुकली नाही.

गेल्या महिन्यात तो पोरगा, अंगद, नोकरीत कायम झाला. नवस फेडायचा म्हणून सून दिपालीनं देव घासायला काढले, तसबिरीची काच साबणानं धुतली, आणि बघतच राहिली. तिकोनी टोपी, खाली पांढऱ्या केसांचा टोप, आणि तळाला इंग्रजीत कुण्या गोऱ्या सेनापतीचं नाव, साल सतराशे त्रेसष्ट. तिनं भीत भीत सासूला वाचून दाखवलं.

सारजाबाई हसली. आम्ही अडाणी, म्हणाली, पण हात जोडले ते देवालाच, त्याला पोचलं असंल. खरंच तिला त्याचं फार काही वाटलं नाही.

अंगद मात्र मोबाइलमधून मान वर न काढता बोलून गेला, "मला सातवीतच कळलं होतं. नखानं भंडारा खरवडून वाचलं होतं मी."

सातवीत. म्हणजे नवसाच्या कितीतरी आधी. मग सांगितलं का नाही, सारजाबाईनं विचारलं. तुला बरं वाटत होतं, उगं कशाला मन मोडायचं, म्हणाला.

दर उन्हाळ्यात तिच्या टाचा फुटायच्या, रक्त यायचं, आणि त्या भेगांत मेण भरायला हाच पोरगा बसायचा.

"मेण भरताना तरी बोलायचं होतंस रं," ती म्हणाली.

अंगदनं नव्या चपला आणल्या होत्या, खाली बसून तिच्या पायात घालू लागला. तिनं पाय लुगड्याखाली ओढून घेतले आणि त्याला हात लावू दिला नाही.